हाताने घडवलेल्या वस्तूची किंमत: हिशेब नेमका कुठे चुकतो?

हाताने घडवलेल्या मगाची किंमत पाहून गिऱ्हाईक चमकतं. कारखान्यातला मग याच्या पाचव्या हिश्शात मिळतो, तर इथे एवढे पैसे कशाचे? टेबलापलीकडे उभ्या असलेल्या कारागिराचा अनुभव बरोबर उलटा असतो. माल खपतो, लोक कौतुक करतात, तरी वर्षअखेरीला हातात काही उरत नाही. ही दोन्ही गाऱ्हाणी एकाच वेळी खरी असू शकतात. ती का खरी आहेत हे कळलं की हाताच्या कामावर छोटा व्यवसाय उभा करण्यातलं निम्मं कोडं सुटतं.

जाहिरात कशी करावी, फोटो कसे काढावेत, सोशल मीडियावर काय टाकावं यावर भरपूर लिहिलं जातं. पण किंमतच चुकलेली असेल तर जाहिरात जितकी चालेल तितका तोटा वाढत जातो. म्हणून इथे फक्त किंमत आणि तिच्या अवतीभवतीचे व्यवहार पाहू. उदाहरण बहुतेक ठिकाणी एकच ठेवू या: भट्टीत भाजलेला मातीचा मग. आकडे कुठल्याही चलनात वाचा, कारण लक्ष त्यांच्यातल्या प्रमाणाकडे द्यायचं आहे. मेणबत्त्या, दागिने, विणकाम, चामड्याच्या वस्तू यांचा हिशेबही असाच चालतो. साहित्य तेवढं बदलतं.

हात दोनच, आणि तास मोजके

कारखान्याला एका नगामागे अगदी किरकोळ नफा सुटला तरी चालतं. नग लाखांनी निघतात आणि थेंबाथेंबाने रक्कम साठते. मागणी वाढली की यंत्र आणखी एक पाळी चालवतं. हाताच्या कामाला ही सोय नाही. एक माणूस वर्षभरात ठरावीकच वस्तू घडवू शकतो आणि तो आकडा आधी काढता येतो. एका नगावर कमी मिळत असेल तर जास्त विकून ते भरून काढायला जागाच नसते. स्वस्त देऊन खूप विकू हा कारखान्याचा मंत्र हाताच्या कामाला लावला की व्यवसाय आतून पोखरतो. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीतून निघतो.

एका मगाला खरोखर किती वेळ लागतो?

चाकावर मग उठवायला पाचेक मिनिटं लागतात. पाहणाऱ्याला तेवढीच दिसतात आणि नवखा कारागीरही अनेकदा तेवढीच धरतो. २४ मगांचा एक घाणा पूर्ण मांडून पाहू.

माती मळून, तोलून प्रत्येकी ४५० ग्रॅमचे गोळे करायला एक तास. चाकावर २४ मग उठवायला दोन तास. दुसऱ्या दिवशी माती चामड्यासारखी घट्ट झाली की तळ कोरायचा, कान घडवून चिकटवायचे. एका मगाला दहा मिनिटं धरली तरी चार तास. आठवडाभर वाळवल्यावर पहिली भाजणी, सुमारे १,००० अंश सेल्सिअसला. भट्टी भरणं-उतरवणं मिळून एक तास. त्यावर झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर देणारं मिश्रण. ते लावून तळ स्वच्छ पुसायला दोन तास. दुसरी भाजणी १,२२० अंशांच्या आसपास. भरणं, उतरवणं आणि तळ घासून गुळगुळीत करणं यात आणखी एक तास. चाक धुणं, उरलेली माती पुन्हा भिजत घालणं हा शेवटचा तास. बेरीज बारा तास. भट्टी स्वतः जळते ते तास यात धरलेले नाहीत, कारण त्या वेळात दुसरं काम करता येतं.

२४ मगांना बारा तास, म्हणजे एकाला अर्धा तास, असं मांडून बहुतेक जण थांबतात. पण २४ मग विकायला येत नाहीत. कान अंगापेक्षा लवकर वाळला की जोडावर बारीक चीर जाते. म्हणून जोडल्यावर मग रात्रभर प्लास्टिकखाली झाकून ठेवतात, तरी एखादा दगा देतोच. झिलई तळापर्यंत ओघळली की मग भट्टीच्या फळीला चिकटतो. तळाशी चार-पाच मिलिमीटर जागा मेण लावून कोरी सोडायची ती यासाठी. एखाद्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं उमटतात. चार नग बाद झाले असं धरू. विकण्याजोगे उरले २०. बारा तास भागिले वीस, म्हणजे एका चांगल्या मगाला ३६ मिनिटं. साहित्याचंही तसंच: माती, झिलई आणि दोन भाजण्यांची वीज मिळून घाण्याला १,२०० लागले, तर एका मगावर ५० नव्हे, ६० पडतात.

भट्टी अर्धी रिकामी ठेवून भाजली तरी विजेचा खर्च जवळपास तेवढाच येतो. घाईच्या ऑर्डरसाठी सहा मगांची भट्टी लावली की एका मगावर पडणारी वीज कित्येक पटींनी वाढते आणि गिऱ्हाइकाकडून तेवढे वसूल करणं बहुधा सुचतही नाही. मेणबत्त्या ओतणाऱ्याच्या लहान घाण्याचं, छापखान्यात थोड्याच प्रती काढणाऱ्या चित्रकाराचं गणितही हेच.

तासाचा दर कसा काढायचा?

वर्षाचे ५२ आठवडे. आजारपण, सुट्ट्या, घरची कामं यांचे सहा वगळले तर ४६. आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाचे १,८४० तास हातात येतात.

या सगळ्या तासांत वस्तू घडत नाही. साहित्य मागवणं, नवे नमुने करून पाहणं, फसलेली झिलई पुन्हा तपासणं, हिशेब, कर, दुकानदारांशी बोलणी, बिघडलेलं यंत्र दुरुस्त करणं यांत साधारण निम्मा वेळ जातो. नवख्यांना हे प्रमाण फुगवलेलं वाटतं. दोन आठवडे प्रत्येक तास वहीत टिपून ठेवा, आकडा समोर येईल. टॅक्सीवाल्याला गिऱ्हाईक बसलेल्या तासांतूनच रिकामं फिरण्याचेही पैसे काढावे लागतात. तुमचंही तसंच आहे, घडवण्याच्या ९२० तासांनी १,८४० तासांचं पोट भरायचं आहे.

वर्षाला स्वतःच्या हाती २,७६,००० यावेत अशी अपेक्षा धरू. १,८४० ने भागलं तर तासाला १५०, ९२० ने भागलं तर ३००. वस्तूच्या किमतीत ३०० चा दर धरायचा.

त्याखेरीज असतो वरखर्च. एखाद्या विशिष्ट नगाला चिकटवता येत नाही, पण एकही मग घडला नाही तरी जो चालूच राहतो, तो खर्च म्हणजे वरखर्च: जागेचं भाडं, दिवे, विमा, वेबसाइट, यंत्रांची झीज. झीज सर्वांत जास्त विसरली जाते. भट्टीच्या तारा काही काळाने बदलाव्या लागतात, चाकाचा पट्टा जातो, कॅमेरा जुना होतो. दहा वर्षं चालणाऱ्या यंत्राच्या किमतीचा दहावा भाग दरवर्षी वरखर्चात धरला नाही, तर अकराव्या वर्षी कर्ज काढावं लागतं. वर्षाचा वरखर्च ९२,००० धरू. घडवण्याच्या प्रत्येक तासावर १०० चढले.

आता मांडणी सोपी होते. घडवण्याचा एक तास ४०० ला पडतो. मगाला ३६ मिनिटं, म्हणजे २४०. साहित्य ६०. एक मग तयार व्हायला ३०० लागतात.

कच्चा हिशेब करणाऱ्याच्या वहीत काय दिसतं ते शेजारी ठेवू. साहित्य ५०, अर्ध्या तासाचे ७५, एकूण १२५. २०० ला विकला तर ७५ सुटले, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात २०० मधून साहित्याचे ६० आणि वरखर्चाचे ६० गेले की ८० उरतात. ते ८० घडवण्याच्या ३६ मिनिटांसाठी आणि मागच्या तेवढ्याच बिनहिशेबी मिनिटांसाठी आहेत. तासाला पडले ६७ च्या आसपास, ठरवलेल्या १५० च्या निम्म्याहूनही कमी. हा तोटा बँकेत उणे शिल्लक होऊन दिसत नाही. तो स्वतःच्या मजुरीतून मुकाट भरला जातो, म्हणून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

मजुरी मिळाली तर नफा कशाला?

मजुरी तुमची असते. नफा व्यवसायाचा असतो. पुढच्या वर्षीची मोठी भट्टी, अख्खा घाणा फुकट गेला तर लागणारी उशी, मंदीचे दोन महिने, हे नफ्यातून येतं. ३०० च्या वस्तूवर ५० ठेवले तर ३५० होतात, विक्रीच्या साधारण १४ टक्के. फार नाही, पण श्वास घ्यायला पुरतं.

इथे एक पडताळा लगेच करून घ्यावा. ९२० तासांत ३६ मिनिटांचा एक, या हिशेबाने वर्षाला १,५३३ मग होतात, आठवड्याला तेहतीस-चौतीस. तेवढे मग घेणारी माणसं आणि दुकानं खरोखर आहेत का? नसतील तर ३५० हा आकडा कागदावरच राहील. उत्तर 'नाही' आलं तर दर कमी करू नका, वस्तूकडे पाहा. कान घडवायला सर्वांत जास्त वेळ जातो. बिनकानाचा पेला तोच कारागीर कितीतरी कमी वेळात देऊ शकतो. किंवा दुसरी दिशा: कमी नग, पण मोठी थाळी, ज्यात तासाला जास्त मिळतं. किंमत जमत नसेल तर आकार, पायऱ्या, साहित्य यांत फेरफार करायचा, हे कसलेले कारागीर पहिल्यांदा पाहतात.

घाऊक आणि किरकोळ: दुकानदार निम्मे का घेतो?

३५० ही घाऊक किंमत झाली, म्हणजे दुकानदाराला एकगठ्ठा माल देण्याची. तो सहसा तिच्या दुप्पट, ७०० ला विकतो. हे ऐकून अनेकांना राग येतो. पण दुकानाचं भाडं, नोकर, न खपलेला माल, दुकानात फुटलेले नग, दिवसभर उघडं ठेवलेलं दार हे सगळं त्या दुसऱ्या ३५० मधून भागतं. दुकानदाराने माल रोखीने विकत घेतला असेल तर न खपण्याचा धोकाही त्याच्याच डोक्यावर गेला. कलादालनंही चित्राच्या किमतीतले सर्वसाधारणपणे ४० ते ५० टक्के ठेवून घेतात.

दुसरी पद्धत 'विकल्यावर पैसे' तत्त्वाची. माल दुकानात असतो पण मालकी तुमची. विकला गेला की दुकान आपला हिस्सा कापून बाकीचे देतं. धोका तुमच्याकडे राहतो, म्हणून तुमचा वाटा मोठा हवा: ६० टक्के तुम्हाला, ४० दुकानाला असा करार बराच आढळतो. यात भांडणं नेहमीच्याच चार जागी होतात, ती आधीच लिहून ठेवावीत. कोणता माल किती दिला त्याची दोघांच्या सहीची यादी. फुटलं किंवा चोरीला गेलं तर भरपाई कोणाची. पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला. न खपलेला माल किती दिवसांनी परत. यादी नसेल तर सहा महिन्यांनी कपाटात नेमके किती मग होते यावर वाद घालावा लागतो आणि तो जिंकता येत नाही.

"पण मी तर थेट गिऱ्हाइकालाच विकतो, ३५० ला का देऊ नये?"

ही शंका सगळ्यांत जास्त येते आणि इथेच चांगले व्यवसाय अडकतात. थेट विकता तेव्हा दुकानदाराचं काम नाहीसं होत नाही, ते तुमच्या अंगावर येतं. प्रदर्शनात दोन दिवस उभं राहणं, "हा मायक्रोवेव्हमध्ये चालेल का" अशा पन्नास प्रश्नांना उत्तरं देणं, पार्सलं बांधणं, फुटून आलेल्या नगाचे पैसे परत करणं. ही दुसरी नोकरी आहे आणि तिचा पगार त्या वरच्या ३५० मध्ये आहे.

प्रदर्शनाचं गणित घ्या. जागेचं भाडं ६,०००, प्रवास आणि ने-आण २,०००, मांडामांडीसह २४ तास, १५० च्या दराने ३,६००. एकूण ११,६००. प्रत्येक मगामागे घाऊक किमतीच्या वर ३५० मिळतात, म्हणजे ३४ मग गेले की खर्च आणि वेळ भरून निघतो. पस्तिसाव्यापासून खरी कमाई. ३५० लाच विकलं तर भाडं कुठून काढणार?

दुसरं कारण यापेक्षा गंभीर आहे. तुम्ही ३५० ला विकता हे कळल्यावर कोणतंही दुकान तुमचा माल ठेवणार नाही, कारण त्याच्या ७०० च्या मगाशेजारी तुमचा ३५० चा उभा आहे. वाढीची एक अख्खी वाट बंद होते. म्हणून वस्तू स्वतःच्या वेबसाइटवर, प्रदर्शनात आणि दुकानात एकाच किमतीला असावी. आज एकही दुकान हाताशी नसलं तरीही.

टक्केवारी फसवते कशी?

मार्कअप म्हणजे वस्तू आपल्याला जेवढ्याला पडली त्यावर किती चढवलं. मार्जिन म्हणजे विक्रीच्या किमतीत आपले किती. ३०० ची वस्तू ४०० ला विकली तर मार्कअप ३३ टक्के, मार्जिन २५. दुकानदार "मला ५० टक्के लागतात" म्हणतो तेव्हा तो मार्जिनबद्दल बोलतो, म्हणजे १०० टक्के मार्कअप. हे न कळल्यामुळे तोंडी ठरलेले सौदे पहिल्या बिलावर मोडतात.

शुल्काबाबतची चूकही याच कुळातली. ऑनलाइन बाजार आणि पैसे भरण्याची सोय मिळून १५ टक्के कापतात आणि तुम्हाला हातात ८५० हवेत. ८५० वर १५ टक्के चढवून ९७७ किंमत लावली तर कापून ८३० येतात. शुल्क विक्रीच्या किमतीवर लागतं, म्हणून ८५० ला ०.८५ ने भागायचं: १,०००. एका नगावर फरक वीसचा, वर्षाच्या दीड हजार नगांवर तीस हजारांचा.

एप्रिल २०२२ मध्ये एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजाराने विक्रीवरचं शुल्क ५ वरून ६.५ टक्के केलं, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकानं बंद ठेवली. दीड टक्क्यासाठी एवढं? ज्याला सगळं वजा जाता विक्रीच्या १० टक्के उरतात, त्याच्या हातून विक्रीचा दीड टक्का गेला म्हणजे नफ्याचा १५ टक्के भाग गेला. विक्रीच्या टक्क्याकडे पाहिलं तर वाढ क्षुल्लक वाटते. उरणाऱ्या रकमेकडे पाहिलं की विक्रेते का चिडले ते समजतं.

सवलतीचंही असंच. ३५० वर १० टक्के सूट दिली तर ३१५, आणि नफा ५० वरून १५ वर. १,५३३ मगांवरचा ७६,६५० चा नफा २२,९९५ वर येतो. कारखाना म्हणेल, तिप्पट विकू. तुम्ही तिप्पट घडवू शकत नाही.

खोक्याचा हिशेब

पाठवणीचा खर्च वजनावर असतो अशी समजूत असते. कुरिअर कंपन्या मात्र प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जास्त असेल ते धरतात. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून अनेक कंपन्या ५,००० ने भागतात. काहींचा भाजक वेगळा असतो, तो आधी विचारून घ्यावा.

मातीचा मग सुरक्षित जायचा तर खोक्यात खोकं लागतं: आत १५ सेंटिमीटरचं, बाहेर २५ चं, मधे चारही बाजूंनी, वर आणि खाली ५ सेंटिमीटर भरण. बाहेरच्या खोक्याचं आकारमान १५,६२५. आकारमानाचं वजन ३.१ किलो. मग जेमतेम ४०० ग्रॅमचा, पैसे तीन किलोचे. दोन मग एकत्र पाठवले तर बाहेरचं खोकं ३५ बाय २५ बाय २५ होतं, वजन ४.४ किलो, एका मगामागे २.२. म्हणून जोडी विकणं फायद्याचं पडतं आणि दुकानात जोडीचा संच मांडणाऱ्याला हे गणित माहीत असतं. भरण कमी करून खोकं लहान करण्याचा मोह टाळा. बांधल्यावर खोकं हलवून पाहा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर ते पुन्हा उघडून भरायचं. मगाच्या पोटातही कागद कोंबायचा आणि कान वेगळा गुंडाळायचा, धक्का बसला की सर्वांत आधी तोच तुटतो.

"एवढे पैसे कोण देईल?"

कारखान्याचा मग १४० ला मिळत असताना ७०० कोण देईल, हा प्रश्न योग्य आहे. उत्तर असं की १४० चा मग घेणारा तुमचं गिऱ्हाईक नाहीच, आणि ३५० ला दिलात तरी तो होणार नाही. त्याला ३५० देखील महागच. ७०० चा घेणारा दोघांची तुलना करत नसतो. तो भेटवस्तू शोधतो, रोज हातात धरायची एक आवडती वस्तू शोधतो, किंवा त्याला तुमचीच झिलई हवी असते. त्याला पटवायला काय लागतं? कानात बोटं नीट बसतात का, ओठाला कड कशी लागते, मगात किती मिली मावतात, भांडी धुण्याच्या यंत्रात चालतो का, हे स्पष्ट लिहिलेलं वर्णन आणि हातात धरलेल्या मगाचा एक फोटो, म्हणजे आकार कळेल. "प्रेमाने बनवलेलं" हे सगळेच लिहितात; त्याने किंमत समजत नाही.

"सुरुवातीला स्वस्त ठेवू, नाव झालं की वाढवू" हाही सल्ला सर्रास मिळतो. तो घातक वाटतो, कारण स्वस्त किमतीने जी माणसं गोळा होतात ती किमतीसाठीच आलेली असतात. दुप्पट केल्यावर ती जातात आणि ओळख शून्यापासून पुन्हा उभारावी लागते. नवखेपणामुळे काम कमी सफाईचं असेल तर किंचित डाग असलेले नग 'दुय्यम' म्हणून वेगळे, वर्षातून एकदोनदा विकावेत. चांगल्या नगाची किंमत मात्र तीच ठेवावी.

छंद म्हणून करणाऱ्यांनी वेळेचे पैसे न लावणं हा त्यांचा अधिकार आहे. पण शेजारच्या टेबलावर त्याच कामावर घर चालवणारी व्यक्ती असते आणि गिऱ्हाईक दोन्ही किमती पाहून जातं. बाजारात उतरताना तरी बाजाराची किंमत लावावी, हे मनापासून सांगावंसं वाटतं.

पैसे आज जातात, येतात कधी?

नफा असूनही व्यवसाय बंद पडतात, कारण पैसे वेळेवर हातात नसतात. थंड पद्धतीने केलेला साबण चार ते सहा आठवडे मुरावा लागतो. तैलचित्रावर शेवटचं वॉर्निश चढवायला पारंपरिक रीतीने सहा महिने ते वर्षभर थांबतात. मग घडून दुकानात जायला तीन आठवडे, त्यात दुकानाची ३० दिवसांची उधारी. माती आज घेतली, पैसे दोन महिन्यांनी. तेवढ्या काळाचं भाडं आणि साहित्य आधीच बाजूला हवं. तीन महिन्यांचा वरखर्च शिलकीत असेल तर रात्री झोप लागते. नवीन दुकानाची पहिली ऑर्डर रोखीने आणि उधारी दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरपासून, हा नियम दुकानदारांनाही माहीत असतो, सांगायला संकोच नको.

खास मागणीच्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. आणि कामाला हात लावण्याआधी लेखी ठरवावं: माप, रंग, नग, तारीख आणि बदल किती वेळा करून मिळेल. रंगाबाबत जपून लिहा. झिलईचा रंग प्रत्येक भट्टीत थोडा वेगळा उतरतो, तो फोटोसारखा तंतोतंत मिळेल असं वचन देऊ नये.

वस्तू विकली, हक्क विकले का?

विकलेलं चित्र भिंतीवर टांगायचा हक्क खरेदीदाराला मिळतो. त्याच्या प्रती छापून विकायचा मिळत नाही. कॉपीराइट, म्हणजे नक्कल काढण्याचा हक्क, लेखी दिल्याशिवाय सहसा कलाकाराकडेच राहतो. १८८६ चा बर्न करार मानणाऱ्या देशांमध्ये तो नोंदणी न करताही मिळतो. नोकरीत असताना केलेलं काम किंवा मागणीवरून केलेलं काम यांचे नियम देशागणिक वेगळे असतात, त्यामुळे अशा कामात हक्क कोणाचे हे करारात आलंच पाहिजे.

दोन हातांच्या मर्यादेतून सुटायची एक वाट इथे आहे. तुमची नक्षी वापरायची परवानगी एखाद्या कारखान्याला ठरावीक मुदतीसाठी देता येते आणि बदल्यात मानधन मिळतं, बहुतेक वेळा घाऊक विक्रीच्या काही टक्के. कारखान्याचा मग ७० घाऊक आणि मानधन ५ टक्के असेल तर नगाला साडेतीन. दहा हजार मगांवर ३५,०००, चाकाला हात न लावता. शंभर मगांवर मात्र ३५०. म्हणून किमान किती नग काढणार हे विचारावं आणि परत न करायची आगाऊ रक्कम मागावी. कोणत्या वस्तूवर, कोणत्या देशांत, किती वर्षं, आणि तीच नक्षी दुसऱ्याला देता येईल का, हे चार मुद्दे कागदावर नसतील तर सही करू नये. "सर्व हक्क, कायमचे" असं वाक्य लहान अक्षरांत दडलेलं असतं. ते खोडून मुदत घालून घ्या.

किंमत वाढवताना

किंमत आधीच कमी लावून बसलेल्यांनी काय करायचं? एकदम दुप्पट करण्यापेक्षा नव्या मालापासून टप्प्याटप्प्याने चढवणं सोपं जातं. भीती असते गिऱ्हाईक तुटण्याची. ३५० चे ३८५ केले आणि विक्री १,५३३ वरून १,३६९ मगांवर आली, तरी साहित्य वजा जाता हातात राहणारी रक्कम जवळपास तेवढीच राहते: आधी ४,४४,५७०, आता ४,४४,९२५. १६४ मग कमी घडवावे लागले, म्हणजे ९८ तास मोकळे झाले, ज्यात नवा नमुना करता येतो किंवा पाठीला विश्रांती देता येते.

दुकानांना नवी किंमतसूची निदान महिनाभर आधी द्यावी आणि तिच्यावर लागू होण्याची तारीख ठळक छापावी. त्या तारखेआधी आलेली ऑर्डर जुन्या दराने पुरी करायची, मग माल नंतर का जाईना. वेबसाइट, प्रदर्शनातली चिठ्ठी आणि दुकानातलं लेबल एकाच दिवशी बदलावं. वर्षातून एक दिवस ठरवून साहित्याच्या पावत्या, वेळेची वही आणि बाद झालेल्या नगांची नोंद पुन्हा उघडायची. माती महागलेली असते, हात सवयीने जलद झालेला असतो, नवी झिलई जास्त नग खराब करत असते. नवी किंमत त्या दिवशीच्या बेरजेतून काढायची.